दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बोलायचं की नाही?

आपल्या बोईसरच्या बैठकीत दर तीन महिन्यांनी एक विषय ठरल्यासारखा येतो. अंक छापून येतो, टपालाचे गठ्ठे बांधून होतात, चहा होतो, आणि हिशेबाची वही उघडली की कुणीतरी म्हणतंच, ‘वर्गणीदार काही वाढत नाहीत.’ मग उपाय सुचायला लागतात. स्टेशनबाहेर टेबल टाकू. हळदीकुंकवाला अंक वाटू. फोनवरच्या सगळ्या गटांत ‘आमचं त्रैमासिक वाचा’ असा निरोप टाकू.

मागच्या बैठकीत मात्र एकीनं वेगळंच सुचवलं. ती म्हणाली, ‘बायकांविषयी लोक जिथं लिहितात तिथं जाऊन आपण उत्तरं लिहू या. त्यांच्या पेपरात, त्यांच्या मासिकात, त्यांच्या गटात. उत्तर पटलं तर लोक विचारतीलच, या बायका कोण?’

यावर वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, ‘स्वतःचं हक्काचं पान असताना दुसऱ्याच्या दारात कशाला उभं राहायचं? ते आपलं पत्र कापणार, मथळा बदलणार, आणि वर आपल्यावरच उपकार केल्याचा आव आणणार.’ दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ‘जायचंच असेल तर प्रत्येक पत्राखाली आपल्या अंकाचा पत्ता आणि वर्गणीचा दर टाकायचाच. नाहीतर एवढी मेहनत फुकट.’

मला या दोन्ही म्हणण्यांना विरोध करायचा आहे. तो बैठकीत केला, पण तिथं शेवटची लोकल पकडायची घाई होती. म्हणून इथं लिहिते. हा प्रश्न वर्गणीपुरता नाही, म्हणूनही लिहिते.

आपण कुणाशी बोलतो आहोत?

जरा प्रामाणिकपणे आठवून पाहू. आपला अंक कुणाकडे जातो? जिला आधीच पटलेलं आहे तिच्याकडे. मारझोड चूक आहे, घरकामाला किंमत हवी, मुलीच्या नावावर जमीन हवी, हे जिला माहीत आहे तीच पाकीट फोडून अंक वाचते आणि ‘छान झालाय’ म्हणून कळवते. आपण तिला लिहितो, ती आपल्याला लिहिते. यात आनंद आहे, आधारही आहे. पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला उभी असलेली, कंत्राटदाराच्या वहीत हजेरी लागणारी बाई यात कुठं आहे?

ती वाचत नाही असं नाही. शेअर रिक्षात कुणी टाकून दिलेला स्थानिक पेपर ती वाचते. दवाखान्यात नंबर येईपर्यंत समोरचं जुनं साप्ताहिक चाळते. मुलाच्या शाळेच्या पालकगटात कुणी काय पाठवलं ते बघते. सोसायटीच्या फळ्यावर ‘मुलींनी कपडे कसे घालावेत’ असली सूचना लागते तीही वाचते, आणि तिच्या मनात उत्तर तयार असतं. ते उत्तर तिला तिथंच, त्याच फळ्यावर वाचायला मिळालं तर? आपण ते आपल्या अंकात लिहितो. तीन महिन्यांनी. ज्या बाईनं तो फळा पाहिलेलाच नाही तिच्यासाठी!

भांडण नळावर चालू आहे आणि आपण घरात कडी लावून आरशाला ठणकावून सांगतो आहोत, असा हा प्रकार आहे.

आपल्या आधीच्या बायकांनी काय केलं?

स्त्रियांचं लेखन म्हणजे स्वतःच्या खोलीत बसून केलेलं मुक्त चिंतन, असं चित्र आपल्याला शिकवलं गेलं. मराठीतला इतिहास तसा नाही. इथं बाई लिहायला लागली ती बऱ्याच वेळा दुसऱ्याच्या पानावर, किंवा दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराला उत्तर म्हणून.

१८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापून आला ‘ज्ञानोदय’मध्ये. ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचा. तिच्या जातीचा नाही, तिच्या धर्माचाही नाही. तिनं ‘आमचं स्वतःचं पत्र निघेल तेव्हा लिहू’ असं म्हटलं असतं, तर आज आपल्या हातात काय असतं?

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पण त्या निमित्तानं पेपरांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ‘पुणे वैभव’ पत्रात असा मजकूर आला आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. १८८२ साली ती पुण्यात छापली गेली. आपण तिला स्त्रीवादी विचारांचं मोठं पुस्तक म्हणतो, आणि ते आहेच. पण मुळात तो एक जबाब आहे. कुणीतरी काहीतरी बोललं, ते ताराबाईंना सहन झालं नाही, आणि त्या बोलल्या.

पुढं काय झालं तेही विसरू नका. या पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. जवळजवळ शंभर वर्षं! ज्या बाईनं एकटीनं उत्तर दिलं, तिच्या उत्तराला पुढं उत्तरं देणाऱ्या पुरेशा बायका तेव्हा उभ्या राहू शकल्या नाहीत. ही ताराबाईंची चूक नव्हे. पण आपल्याला त्यातून शिकता येतं.

त्याच १८८५ सालात मुंबईत रखमाबाईंनी इंग्रजांच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्र लिहिलं. खाली नाव नव्हतं, ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच सही होती. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला होता आणि त्यांच्यावर खटला चालू होता. त्या पत्रांमुळे त्या एकटीच्या खटल्याचा प्रश्न सगळ्या देशाचा झाला.

तीन बायका, तिघींच्या जाती वेगळ्या, वाटा वेगळ्या. एकीनंही आपल्या घरच्या कागदाची वाट पाहिली नाही.

‘मग आपलं पान हवंच कशाला?’ असा उलटा प्रश्न कुणी विचारेल. हवंच. दुसऱ्याचा ओटा दुसऱ्याचाच असतो आणि तो कधीही उठवू शकतो. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. तेव्हा स्वतःचं पान ही चैन नाही, गरज आहे. पण आपलं पान हे परतून यायचं घर आहे. घर आहे म्हणून बाहेर पडायचंच नाही, असा उंबऱ्याचा नियम आपणच आपल्याला लावून घ्यावा? तोही आपण?

जाहिरात करायला जाऊ नका

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. पत्राखाली अंकाची जाहिरात टाकायचीच, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आपलाच अनुभव आठवून देते. दोनएक वर्षांपूर्वी आपण हा प्रयोग केला होता. एकच मजकूर तयार केला, ‘आपण मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. अशाच विचारांसाठी आमचं त्रैमासिक जरूर वाचा.’ आणि तो दिसेल त्या संपादकाला, दिसेल त्या गटात पाठवला. कुठल्या लेखावर पाठवतो आहोत, तो लेख काय म्हणतो, हेही नीट पाहिलं नाही. एका गटात तर तो मजकूर एका मुलीच्या मृत्यूच्या बातमीखाली गेला. ‘आपण मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे’! त्या मुलीच्या मावशीनं आपल्याला एवढंच विचारलं, ‘ताई, तुम्ही वाचलंत तरी का?’ त्या प्रश्नाची लाज मला अजून वाटते.

त्या प्रयोगातून एकही वाचक मिळाली नाही. मिळणार कशी? दारोदार फिरून साबण विकणारा जसा ‘काय वहिनी, बरं आहे ना?’ विचारतो, तशी ती चौकशी होती. बायकांना ती लगेच ओळखू येते. जन्मभर आपण ती ओळखतच आलेल्या असतो.

त्याच्या उलट दुसरा अनुभव. इथल्याच एका पेपरात बातमी आली होती. कारखान्यातून रात्री सुटलेल्या एका कामगार बाईची रस्त्यात छेड काढली गेली. बातमीच्या शेवटी फुकटचा सल्ला होता, बायकांनी रात्रपाळी टाळावी. आपल्यातली एक, जी स्वतः पॅकिंगला आहे, तिनं रात्री स्वयंपाक आटपून दहा ओळी लिहिल्या. कुठल्या वळणापासून पुढं दिवे बंद असतात. कंपनीची गाडी नाक्यापर्यंतच कशी सोडते. रात्रपाळी टाळली तर कंत्राटदार दिवसपाळीतूनही नाव कसं काढतो. आणि शेवटी कायदा : १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायकांना रात्रीच्या कामाची मनाई केली होती, ती पुढं सैल झाली, पण अट अशी की बाईची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची, जाण्यायेण्याची सोय मालकानं करायची. मग सल्ला द्यायचाच तर तो मालकाला का देत नाही?

पत्रात आपल्या त्रैमासिकाचं नाव नव्हतं. खाली तिचं नाव आणि ‘बोईसर’ एवढंच. पेपरनं त्यातल्या चार ओळी कापल्या, पण कायद्याचा भाग राहिला. पुढच्या आठवड्यात तिच्याच खात्यातल्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं. ‘हे तू लिहिलंस? कायदा खरंच असा आहे? अजून कुठं लिहितेस?’ मग तिनं पिशवीतून अंक काढला. त्या बायका आज आपल्या वाचक आहेत आणि त्यातली एक या अंकात लिहिते आहे.

फरक लक्षात येतो ना? पहिल्या वेळी आपण मागायला गेलो होतो. दुसऱ्या वेळी आपल्या मैत्रिणीनं तिच्याजवळ होतं ते दिलं. माहिती दिली, अनुभव दिला, त्या बातमीत जी बाई एकटी पडली होती तिची बाजू घेतली.

आणि २०१२ सालचं पालघर?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बरं आहे, उत्तरं लिहू या. पण पालघरात बसून हे इतक्या सहज म्हणता येत नाही. आपल्या गावानं उत्तराची किंमत पाहिलेली आहे.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. हा बंद आदरापोटी नव्हे, भीतीपोटी आहे, अशा अर्थाचा मजकूर पालघरच्या एका विशीतल्या मुलीनं फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीनं त्याला पसंती दिली. बस. पहिलीनं माफी मागितली, मजकूर काढून टाकला, तरी तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आणि भारतीय दंड संहितेचं कलम लागलं. जामीन मिळाला, पुढं आरडाओरडा झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि प्रकरण बंद करण्यात आलं.

त्या दुसऱ्या मुलीचा विचार करा. तिनं एक शब्दही लिहिला नव्हता. मैत्रिणीचं वाचलं आणि ‘पटलं’ म्हणून कळवलं. म्हणजे आपण बैठकीत ज्या ‘वाचक’ वाढवायच्या म्हणतो, नेमकी तशी वाचक होती ती. तिलाही पोलीस ठाण्यात जावं लागलं. बाईचं बोलणं तर खपत नाहीच, पण एकीच्या बोलण्याला दुसरीनं मान डोलावली तर ते जास्त झोंबतं, कारण दोघी झाल्या की सुरुवात होते.

त्या दिवसांत पालघरात मी अनेक घरांत ऐकलं, ‘पोरींना कुणी सांगितलं होतं?’ आपल्या घरांतही ऐकलं. आजही कुणी मुलगी काही लिहायला लागली की घरातून तेच उदाहरण दिलं जातं. पण या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. दिल्लीची श्रेया सिंघल नावाची एक तरुणी, पालघरशी जिचं काही नातं नाही, ही बातमी वाचून त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

एकीनं मत लिहिलं. दुसरीनं पटल्याचं सांगितलं. तिसरीनं वाचलं आणि उठून कोर्टाची पायरी चढली. मैत्रिणींनो, वाचक वाढणं म्हणतात ते हे. आपल्या वहीत वर्गणीच्या रकान्यात या तिसरीची नोंद कधीच झाली नसती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, उत्तरं लिहायला बायकांना पाठवायचं तर एकटीला पाठवायचं नाही. नाव घालायचं की नाही हे लिहिणारीनं ठरवायचं. रखमाबाईंनीही नाव घातलं नव्हतं, त्यात कमीपणा काही नाही. जिचं नाव जाईल तिच्या पत्राखाली आणखी दोघींनी सह्या करायच्या. पत्र जायच्या आधी दोघींनी वाचायचं, त्यातली माहिती तपासायची. आणि छापून आल्यावर, शिव्या आल्या, घरी कुरबुर झाली, कंत्राटदारानं डोळे वटारले, तर तिच्या घरी जाऊन बसायचं. हे जमणार नसेल तर ‘लिहा लिहा’ म्हणून कुणाला चढवू नका. लिहिणारी एक आणि टाळ्या वाजवणाऱ्या बाकीच्या, ही आपली पद्धत नव्हे.

शिवीगाळ करणाऱ्याला मात्र उत्तर द्यायला जायचं नाही. त्याला उत्तर नको असतं, बाई रडलेली हवी असते. तिथं वेळ घालवण्यापेक्षा पोलीस तक्रार केलेली बरी.

आधी आपण कुणाचं वाचतो?

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांना, मलाही, बोचणारा आहे.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचा प्रकल्प. त्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावरचे लोक विरोध करत होते आणि मोर्च्यांत बायका होत्या. बोंबील वाळवणाऱ्या, टोपलीत मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या. त्यांनी पत्रकं काढली, गावोगाव सभा घेतल्या. पेपरांत बातम्या आल्या त्या ‘मच्छीमारांचा विरोध’ अशा. मच्छीमार म्हणजे बोटीवरचा पुरुष, असंच वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं येतं. मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरचं सगळं काम कोण करतं? बंदर झाल्यावर होडीवाल्याला नुकसानभरपाई मिळेलही, पण ओट्यावर बसून विकणारीला कुठल्या कागदावरून मिळणार? हा प्रश्न विचारणारं एक तरी पत्र आपण त्या पेपरांना लिहिलं का? त्या बायकांची पत्रकं मिळवून वाचली का?

मी वही काढून पाहिली. नाही लिहिलं. आपण आपल्या अंकात ‘विकास आणि स्त्री’ असा लेख छापला. चांगला होता. किनाऱ्यावर तो कुणी वाचला नाही, आणि कुणी का वाचावा? तारापूर अणुवीजकेंद्राच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरणची माणसं उठवली गेली, तेव्हाही आपलं असंच झालं. ज्यांचं आपण वाचत नाही, ऐकत नाही, त्यांनी आपली वर्गणी भरावी ही अपेक्षा कुठल्या हक्कानं?

दुसऱ्याच्या पानावर उत्तर लिहायचं तर आधी ते पान वाचावं लागतं. ही या उपायाची खरी किंमत आहे आणि खरा फायदाही हाच आहे. आदिवासी संघटनांची पत्रकं, दलित मैत्रिणींची मासिकं, कामगारांची बुलेटिनं, आणि ज्यांचा आपल्याला राग येतो ते पेपरसुद्धा. वाचलं की कळेल, आपल्याला कुठं बोलायचं आहे आणि कुठं गप्प बसून शिकायचं आहे.

तेव्हा पुढच्या अंकापर्यंत प्रत्येकीनं एवढं करावं. आपल्या विचाराबाहेरचं एक नियतकालिक ठरवून वाचायचं. त्यातल्या एका मजकुराला, जिथं आपल्याजवळ खरंच सांगण्यासारखं आहे तिथं, उत्तर लिहायचं. आपल्या अंकाची जाहिरात त्यात एका ओळीचीही नको. पत्राची झेरॉक्स तारखेसह माझ्याकडे द्यायची. छापलं, कापलं, की कचऱ्यात गेलं, काहीही झालं तरी पूर्ण पत्र आपण आपल्या अंकात ‘आमचं उत्तर’ म्हणून छापू. म्हणजे त्यांनी कापलेल्या चार ओळीही कुठंतरी राहतील, आणि शंभर वर्षांनी कुणाला त्या शोधत बसावं लागणार नाही.

माझं पत्र मी कालच टाकलं. वाढवणच्या बातमीवर आहे, उशिराचं आहे. खाली दोन सह्यांची जागा रिकामी ठेवली होती. एक सही झाली. दुसरी करायला रविवारी कोण येते आहे?